चाखणं वेगळं, पिणं वेगळं

आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं बाटलीत भरून दूरदेशी जातात. त्या बाटलीत नेमकं काय असतं, हे आपण गृहिणींनी जाणून का घेऊ नये? 'रीसलिंग' नावाच्या एका द्राक्षाच्या निमित्ताने केलेली ही चवीची ओळख.

माघ-फाल्गुनात मनमाडच्या बाजारात द्राक्षांच्या गाड्या लागल्या की आपण काय करतो? भाव विचारायच्या आधी घडातला एक मणी तोडून तोंडात टाकतो. आंबट निघाला तर "राहू दे, भाऊ" म्हणून पुढच्या गाडीकडे वळतो. गोड निघाला तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, नाहीतर भाव वाढतो, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलेलंच आहे! चिंच नवी की जुनी, कैरी खारात मुरली की नाही, दूध खाली लागलं का, हे सांगायला आपल्याला कुठलं यंत्र लागत नाही. चव बघून पारख करणं हा आपला रोजचाच उद्योग आहे.

आणि तरीही याच द्राक्षांच्या एका मोठ्या धंद्याबद्दल आपल्यातल्या बहुतेकजणी अनभिज्ञ असतात. मनमाडहून रेल्वेने नाशिकला निघालं, की लासलगाव-निफाडच्या पट्ट्यात द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. त्यातली बरीचशी खाण्याची द्राक्षं, पण जिल्ह्यात वाईनच्या द्राक्षांचेही मळे आहेत. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षापासून वाईन करण्याच्या उद्योगासाठी खास धोरण आखलं आणि आपल्या जवळच्या विंचूरला त्यासाठी वाईन पार्क झाला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली बाटली बाहेर पडली. हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? त्यांच्या आईचं नाव सुलभा, त्यावरून 'सुला'!

पण वाईन हा शब्द काढला की आपल्याकडे दोनच प्रकारची उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "शी! दारूचं नावसुद्धा घरात नको." दुसरं, बहुधा पुरुषांकडून येणारं, "अगं, ती काही दारू नव्हे, फळाचा रस तो! उलट तब्येतीला चांगली." दोन्ही उत्तरं चव न बघता आणि माहिती न घेता दिलेली. म्हणून आज जरा निवांत बसून हा विषय समजून घेऊ या. समजून घेणं म्हणजे प्यायला लागणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

रीसलिंगच कशाला?

खाण्याची द्राक्षं आपल्याला ओळखीची आहेत. थॉमसन, तासगावकडचं तास-ए-गणेश, सोलापूरकडची सोनाका. बिनबियांची, पातळ सालीची आणि गोड. वाईनची द्राक्षं त्या मानाने अगदी बारकी, बियांची आणि जाड सालीची. खायला घेतली तर तुम्ही गाडीवाल्याला चार शब्द सुनवाल! पण वास आणि आंबटपणा ही दोन्ही धनं त्यांच्यात जास्त.

त्यातलंच एक पांढरं द्राक्ष रीसलिंग. मूळ जर्मनीचं. तिथल्या र्‍युसेल्सहाइम या गावी एका सरदाराच्या जमाखर्चात १३ मार्च १४३५ रोजी या वेलांच्या खरेदीची नोंद सापडते. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्याही त्रेसष्ट वर्षं आधी. आजही जगातल्या एकूण रीसलिंगपैकी सुमारे ४० टक्के लागवड एकट्या जर्मनीत आहे.

जाणकार या द्राक्षाला मान देतात तो एका गुणासाठी. रीसलिंग जिथे वाढते तिथली माती, ऊन आणि गारवा ती लपवत नाही. बऱ्याच वाईन लाकडाच्या नव्या पिंपात मुरवतात, मग त्यांना लाकडाचा, व्हॅनिलाचा वास लागतो. रीसलिंगला सहसा तसं करत नाहीत. त्यामुळे एकाच द्राक्षाच्या चार देशांतल्या बाटल्या शेजारी ठेवल्या, तर चवीवरून चार गावं ओळखता येतात. आपल्याकडे नाही का, एकच बाजरी, पण नांदगावची भाकरी वेगळी लागते आणि कोकणात नेऊन केली तर वेगळी!

आंबटपणाचे तीन भाऊ

आता जरा स्वयंपाकघरातलं शास्त्र. आंबट म्हणजे सगळं एकच, असं नसतं. लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. हिरव्या सफरचंदाचा मॅलिक आम्लाचा. आणि चिंचेचा टार्टारिक आम्लाचा. गंमत अशी, की द्राक्षातलं मुख्य आम्ल हेच चिंचेतलं टार्टारिक! त्याच्या जोडीला हिरव्या सफरचंदातलं मॅलिक असतं. थंड जागी ठेवलेल्या पांढऱ्या वाईनच्या तळाशी कधीकधी साखरेसारखे बारीक खडे दिसतात, ते याच चिंचेतल्या आम्लाचे. काच नव्हे आणि भेसळही नव्हे.

यातलं मॅलिक आम्ल उष्णतेला हळवं असतं. रात्री उबदार असल्या की वेल ते वापरून टाकतो आणि द्राक्ष मवाळ होतं. रात्री गार असल्या की ते टिकतं. थंड देशातली रीसलिंग झणझणीत आंबट आणि उष्ण देशातली सौम्य का, याचं बरंचसं उत्तर एवढ्यात आलं.

मग साखरेचं काय? इडलीचं पीठ जसं आंबतं, तसाच द्राक्षाचा रस आंबवतात. यीस्ट साखर खातं आणि तिचा मद्यार्क करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्च झाली की १ टक्का मद्यार्क तयार होतो. सगळी साखर संपेपर्यंत आंबू दिलं तर वाईन कोरडी, म्हणजे बिनगोड होते आणि मद्यार्क वाढतो. मध्येच गार करून आंबवणं थांबवलं तर साखर उरते आणि मद्यार्क कमी राहतो. म्हणून रीसलिंगच्या बाटलीवरचा टक्क्याचा आकडा वाचला, तर झाकण न उघडताही चवीचा अंदाज येतो. ८ टक्के असेल तर बहुधा गोड. १२-१३ असेल तर बहुधा बिनगोड.

चार गावांच्या चार चवी

पहिलं गाव जर्मनीतल्या मोझेल नदीचं खोरं. जवळजवळ ५० अंश अक्षांशावर, म्हणजे द्राक्षाला सोसेल इतक्या थंडीच्या अगदी काठावर. उतार इतके उभे, की यंत्र चालत नाही, माणसांनी चढून तोडणी करायची. जमीन कसली? शाळेत आपण ज्यावर मुळाक्षरं गिरवली, त्या पाटीच्या दगडाची! हा काळा दगड दिवसभर ऊन पिऊन ठेवतो आणि रात्री वेलांना ऊब देतो. इथल्या पुष्कळशा रीसलिंग हलक्या, थोड्या गोड आणि तरी दात आंबतील इतक्या आंबट. कैरीच्या पन्ह्यात गूळ असूनही कैरी लपत नाही, तसंच.

जर्मन बाटल्यांवर काही शब्द असतात. 'काबिनेट' म्हणजे हलकी, 'श्पेटलेझे' म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, 'आउसलेझे' म्हणजे निवडक घडांची. 'ट्रोकन' लिहिलं असेल तर ती बिनगोड. उशिरा तोडण्याची एक कथा सांगतात. योहानिसबर्ग नावाच्या जागी १७७५ साली तोडणीची परवानगी घेऊन येणारा स्वार काही आठवडे उशिरा पोचला. तोवर द्राक्षांना बुरशी धरली होती. टाकून द्यायच्या ऐवजी लोकांनी तीच गाळली, आणि वाईन निघाली मधासारखी! कथेत तिखटमीठ किती ते सोडा, पण ती बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडतं आणि साखर दाट होते, हे मात्र खरं.

दुसरं गाव फ्रान्समधलं अल्सास. हे समजायला मनमाडकरणीला नकाशासुद्धा नको. इगतपुरीला धो धो पाऊस आणि आपल्याकडे कोरडं आभाळ, कारण सह्याद्री ढग अडवतो. तसेच अल्सासच्या पश्चिमेला व्होज डोंगर आहेत. ढग पलीकडेच रिकामे होतात आणि अलीकडे ऊन पडतं. द्राक्षं पूर्ण पिकतात, साखर बहुधा पूर्ण आंबवतात. म्हणून ही वाईन भरीव, बिनगोड आणि सरळ. बिनसाखरेच्या, नुसतं मीठ घातलेल्या लिंबूपाण्याची आठवण यावी अशी.

तिसरं गाव दक्षिण ऑस्ट्रेलियातली क्लेअर व्हॅली. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. इथल्या रीसलिंगला हिरव्या लिंबाच्या सालीचा वास येतो, आणि ती बिनगोड असते. इथल्या मंडळींनी २००० साली एक धाडस केलं. बुचामुळे काही बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, म्हणून त्यांनी एकजुटीने बूच सोडून फिरकीचं झाकण आणलं. तोवर फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, असं लोक समजत. घट्ट झाकणाचं महत्त्व लोणची घालणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको!

चौथं गाव आपलं नाशिक. इथे पांढऱ्या वाईनसाठी मुख्यतः शेनाँ ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही द्राक्षं लावतात. पण सुलाने रीसलिंगही काढली, आणि भारतातली पहिली रीसलिंग म्हणून तिची ओळख झाली. आपला हंगाम युरोपच्या उलटा. तिकडे हिवाळ्यात वेल पानं टाकून झोपतात आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून त्याला वळण लावावं लागतं, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. निफाडच्या थंडीचे आकडे आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो. त्या गार रात्रींचाच आपल्या वाईनला आधार. तरी शेवटी ऊन ते ऊन. मोझेलचा झणका इथे येत नाही. चव मवाळ, पिकल्या फळाकडे झुकणारी आणि किंचित गोडसर.

ग्लासात रॉकेलचा वास!

हे सगळं पुस्तकी वाटेल म्हणून एका दुपारची हकिगत सांगते. माझी भाची जर्मनीत नोकरीला आहे. हिवाळ्यात सुट्टीवर आली तेव्हा नाशिकच्या घरी येताना नियमात बसतील अशा दोन बाटल्या घेऊन आली. एक मोझेलची, एक अल्सासची. तिसरी नाशिकची तिने इथेच घेतली. "मावशी, तुमच्या भिशीच्या मैत्रिणींना घेऊन ये. तुम्हा लोकांच्या जिभेइतकी तयार जीभ मला तिकडे मिळत नाही," म्हणाली. आम्ही सहाजणी सकाळच्या पंचवटीने गेलो. घरी सांगून गेलो, हेही नमूद करते!

गेल्या गेल्या तिने पहिली आज्ञा केली : गजरे बाहेर काढून ठेवा. मोगऱ्यापुढे दुसरा कुठलाच वास नाकाला कळत नाही. उदबत्ती नको, अत्तर नको, तोंडात वेलची-सुपारी नको. तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कारण नाव वाचलं की जीभ नावाप्रमाणे बोलते. क्रम बिनगोडाकडून गोडाकडे. एकदा गोड जिभेवर आलं की नंतरचं सगळं आंबटढाण लागतं, हे आपण जिलबीनंतर चहा पिताना अनुभवतोच. बाटल्या फ्रिजमधून काढून जराशा निवळू दिलेल्या, कारण फार गार असलं की वास दबतो. पाणी आणि साधा पाव मधेमधे.

आणि प्रत्येकीच्या समोर एक रिकामं पातेलं. "हे कशाला ग?" "थुंकायला, मावशी." आम्ही हसायलाच लागलो. पण ती गंभीर होती. चवीचा धंदा करणारी माणसं एका सकाळी पन्नास-पन्नास वाईन तपासतात. प्यायला लागली तर दुपारपर्यंत आडवी होतील! म्हणून घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, आणि थुंकायचा. आपली पिकदाणी तिकडे असं मानाचं काम करते! तोंडातून थोडा अंश तरीही अंगात जातोच, पण पिण्याच्या मानाने नगण्य. चाखणं वेगळं आणि पिणं वेगळं, हे मला त्या पातेल्याने शिकवलं.

पहिल्या ग्लासाला नाक लावलं आणि आमच्यातल्या एकीने तोंड वाकडं केलं. तिचे यजमान पानेवाडीच्या डेपोतून टँकर भरतात. "अगं, याला तर रॉकेलचा वास येतोय. खराब झाली ही." भाचीने टाळीच वाजवली. म्हणाली, हाच तर मुरलेल्या रीसलिंगचा ओळखीचा वास! रीसलिंगच्या सालीतल्या काही द्रव्यांपासून बाटलीत मुरताना हा वास तयार होतो, आणि द्राक्षाला ऊन जास्त लागलेलं असेल तर जास्तच. ती बाटली अल्सासची होती, बरीच वर्षं ठेवलेली. तिकडच्या लोकांना जो वास ओळखायला वर्ग लावावे लागतात, तो आमच्या मैत्रिणीने पदर सावरता सावरता ओळखला.

दुसऱ्या ग्लासाला सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, "ही आपल्याकडची." कशावरून? कुणी म्हणालं पिकल्या पेरूसारखा वास, कुणी म्हणालं मधाचं पाणी. आंबटपणा होता, पण शेवटी येऊन पटकन गेला. तिसरी मोझेलची. पहिल्या घोटाला गोड, आणि मग गालाच्या आत पाणी सुटलं ते सुटतच राहिलं. निवृत्त शाळेच्या बाई म्हणाल्या, "ही जास्त गोड आहे आणि जास्त आंबटही. दोन्ही एकदम कसं?" मोझेलची सगळी कारागिरी त्या प्रश्नात आली. साखर आणि आम्ल एकमेकांना तोलून धरतात.

घरच्या घरी, वाईनशिवाय

हा तोल समजायला वाईन लागतच नाही. मुलांनाही घेऊन करता येईल असा प्रयोग सांगते.

तीन पेल्यांत सारखं पाणी घ्या आणि प्रत्येकात दोन चमचे लिंबाचा रस घाला. पहिल्यात साखर नाही. दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात चार चमचे. आंबटपणा तिन्हींत अगदी सारखा आहे, पण जीभ तसं मानणार नाही. साखर आंबटपणा काढून टाकत नाही, नुसता झाकते.

मग चौथ्या पेल्यात लिंबाऐवजी चिंचेचा कोळ गाळून घाला आणि दुसऱ्या पेल्याइतकीच साखर. दोन आंबटपणांमधला फरक बघा. लिंबू झटकन चमकतं आणि जातं, चिंच जिभेवर बसून राहते.

शेवटी मिरचीच्या ठेच्याचं बोट जिभेला लावून आधी बिनसाखरेचा आणि मग गोड पेला चाखा. गोडाने तिखट निवतं, हे लगेच कळेल. गोडसर रीसलिंग तिखट जेवणाबरोबर द्यावी असं जाणकार सांगतात, त्याचं कारण हेच.

हिशेब आमच्या खजिनदारबाईंचा

आमच्यातल्या सहावीने मात्र ग्लासला हात लावला नाही. तिच्या घरात दारूने पंधरा वर्षं काय केलं, ते आमच्या आळीला माहीत आहे. तिला कुणी आग्रह केला नाही. ती वही-पेन घेऊन बसली आणि प्रत्येकीचे शेरे लिहीत राहिली. भिशीचा हिशेब तिच्याकडेच असतो. सगळं आवरल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "चव कळली. आता यात दारू किती, ते सांग."

भाचीने लेबलं वाचून दाखवली आणि तिने गुणाकार केला. तो जसाच्या तसा देते, कारण माझ्या मते त्या दुपारची सगळ्यात मोलाची नोंद ती होती.

अल्सासची बाटली ७५० मिलिलिटर, मद्यार्क साडेबारा टक्के. म्हणजे शुद्ध मद्यार्क जवळजवळ ९४ मिलिलिटर. आपल्याकडची व्हिस्कीची 'क्वार्टर' १८० मिलिलिटर, मद्यार्क ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिलिलिटर. याचा अर्थ, वाईनची एक बाटली म्हणजे एका क्वार्टरपेक्षा जास्त दारू. दीडशे मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे जवळजवळ दीड छोटा पेग. मोझेलची आठ टक्क्यांची बाटली सौम्य, तरी तिच्यातही ६० मिलिलिटर.

"मग फळाचा रस कुणाला सांगतात?" वही मिटून ती म्हणाली. यावर कुणाकडेही उत्तर नव्हतं.

म्हणून हे स्वच्छ सांगायला हवं. वाईन ही दारूच. चवीची, नजाकतीची, पण दारू. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं पुष्कळ ऐकू आलं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, हा मुद्दा खोटा नव्हता. पण गदारोळ उठला आणि निर्णय अडला. शेतकऱ्याचं हित वेगळं मोजावं आणि मद्यार्क वेगळा मोजावा. एकाच्या नावावर दुसरा खपवू नये.

"तब्येतीला चांगली" याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला निर्धोक असं मद्यार्काचं कुठलंच प्रमाण नाही. गरोदरपणात तर थेंबही नको. मधुमेह असेल, झोपेची किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि ज्या घरात व्यसनाने एकदा पाय ठेवलाय, तिथे "थोडीशीच" हा शब्द वापरूच नये.

आपल्या राज्यात बायकांच्या हातात एक कायदेशीर साधनही आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकान बंद. जिथे दारूने संसार मोडले, तिथे बायकांनी ती बाटली आडवी करून दाखवली आहे.

मग करायचं काय?

कुणी म्हणेल, हे सगळं खरं, तर मग चव समजून घेण्याचा खटाटोप कशाला? माझं उत्तर असं. ज्या वस्तूबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसतं, तिच्याबद्दल आपल्या वतीने दुसरेच निर्णय घेतात. मुलगा पगारातून बाटली घेऊन येतो, जावई परदेशातून आणतो, यजमान "आज पाहुणे आहेत" म्हणतात, आणि आपण नुसत्या भजी तळतो. नाही म्हणायचं असो की हो, माहिती असलेल्या बाईचा शब्द वेगळ्या वजनाने पडतो.

बाटली घरात आलीच, तर आधी टक्क्याचा आकडा वाचा आणि आमच्या खजिनदारबाईंचा गुणाकार करा. ग्लास भरायचा नाही, तळाशी दोन बोटं पुरे. रिकाम्या पोटी नाही, गाडी चालवणाऱ्याला नाही, आणि वयाचा व परवान्याचा कायदा आहे तो मोडायचा नाही. उरलेली वाईन झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. दोन-तीन दिवसांत चव उतरते. हट्टाने बाटली संपवण्यापेक्षा ओतून दिलेली बरी.

आणि एक गोष्ट मुलींच्या आयांसाठी. वाईनरीत येणाऱ्या पाहुण्यांना चव समजावून सांगण्याचं काम मुलीही करतात. तुमच्या लेकीला किंवा पुतणीला अशी नोकरी चालून आली, तर दारूचं नाव ऐकून लगेच दार लावू नका. पगार किती, रात्री घरी सोडायची गाडी आहे का, बरोबर आणखी मुली आहेत का, चाखून थुंकण्याची पद्धत तिथे पाळतात का, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं पटली तर जाऊ द्या, नाही पटली तर नाही म्हणा. पण प्रश्न विचारून म्हणा.